ही भिंत कुणाची?

(गिरगावातली एक गल्ली. सकाळ. कॅमेरा चाळीच्या भिंतीवरून सावकाश सरकतो.)

सगळ्यात खाली, चुन्यात अर्धवट बुडालेली ओळ आहे : 'येथे जाहिरात लावू नये'. तिच्यावर मूळव्याधीचा खात्रीशीर इलाज. त्याच्यावर बिनतारण कर्ज, एका दिवसात. बाजूला बदामाच्या आत दोन नावं, त्यातलं एक नंतर कुणीतरी खरवडून काढलेलं. आणि जिन्याच्या तोंडाशी ओळीनं टाइल्स : साईबाबा, गणपती, येशू, मक्का. या पूजेसाठी लावलेल्या नाहीत. पानाची पिंक टाकणाऱ्याचा निदान इथे तरी संकोच व्हावा, म्हणून.

कायदा आहे. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा 1995 सालचा. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार ही तेव्हा दचकायची रक्कम असेल. आज रंगाच्या एका मोठ्या डब्यालाही तेवढे लागतात. बरं, गुन्हेगार शोधायला फार डोकंही लागत नाही. त्याचा मोबाइल नंबर त्यानेच ठळक अक्षरात लिहून ठेवलाय.

तक्रार करायची तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. बॅनर-पोस्टरचं काम अनुज्ञापन खात्याकडे असतं. फोटो हवा, पण नुसत्या जाहिरातीचा नको. मागे दुकानाची पाटी, विजेच्या खांबावरचा नंबर, असं काहीतरी ओळखीचं दिसू द्या. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता मान वर करा.

(कॅमेरा वर जातो. दुसऱ्या मजल्याची गॅलरी, लाकडी टेकू, भिंतीतून उगवलेला पिंपळ.)

खालचं लिखाण डोळ्यांना खुपतं, म्हणून लोक त्याबद्दल बोलतात. हा पिंपळ मात्र कुणाला खुपत नाही. कावळ्याच्या विष्ठेतून बी पडलं, फुटक्या पाइपाचं पाणी मिळालं, मुळं सांध्यात शिरली. पिंपळ तोडायला हात धजावत नाहीत, हेही आहेच. बघता बघता भेगेत बोट जाईल एवढी फट पडते. मग गॅलरीला टेकू. टेकू आला, की घर जरा सुरक्षित झाल्यासारखं वाटतं. खरं तर टेकू म्हणजे इमारतीनं स्वतःच केलेली तक्रार.

ती पुढे न्यायची कुणाकडे? इथे मुंबईत पहिला प्रश्न विचारला जातो : भिंत कुणाची?

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहरात 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला गेला. अशा 19,642 इमारती होत्या. या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, मंडळाकडे. बाकीच्या खासगी इमारतींचा धोका बघायचा महापालिकेनं. शिवाय रेल्वेच्या भिंती आहेत, पोर्टाच्या आहेत, कलेक्टरच्या जागा आहेत, आयुर्विमा महामंडळाच्या मालकीच्या चाळी आहेत. आणि मालक वारला, वारस परदेशात आणि खटला कोर्टात, अशाही कितीतरी.

गंमत अशी, की उपकर म्हाडासाठी, पण वसूल करते महापालिका, मालमत्ता कराच्या बिलातून. त्यामुळे आपली इमारत कोणाच्या यादीत आहे, हे बघायची सोपी जागा म्हणजे ते बिल. जागेचा मालक शोधायचा असेल तर मिळकत पत्रिका काढायची. त्यासाठी सर्व्हे नंबर लागतो : बेटशहरात सीएस नंबर, उपनगरात सीटीएस. चाळीत जन्म काढलेल्या माणसालाही हा नंबर बहुतेक वेळा ठाऊक नसतो.

(डोंगरी. चिंचोळा रस्ता, माणसांची वर्दळ.)

16 जुलै 2019. डोंगरीतल्या केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. डझनभराहून अधिक माणसं गेली. गल्ली इतकी अरुंद, की ढिगारा हातोहात उपसावा लागला. ढिगारा अजून उपसला जात होता आणि वाद सुरू झाला होता : इमारत कुणाची? म्हाडाचं म्हणणं, पडलेला भाग अनधिकृत, आमच्या यादीतला नाही. महापालिकेनं 2017 मध्येच धोक्याची नोटीस काढली होती, हेही मग बाहेर आलं. कागद होता. पण कागदाखाली माणसं राहत होती.

मालक कोण हे स्पष्ट असलं की प्रश्न सुटतो, असंही नाही. माझगावला, डॉकयार्ड रोडजवळ, 27 सप्टेंबर 2013 च्या पहाटे बाबू गेनू मंडईची इमारत पडली. 61 बळी. इमारत जेमतेम तीस-बत्तीस वर्षांची. राहणारे महापालिकेचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. मालक स्वतः महापालिका.

(वॉर्ड ऑफिसचा पॅसेज. फायलींचे गठ्ठे.)

मुंबई महापालिकेचा कायदा 1888 सालचा. त्यातलं धोकादायक इमारतीला नोटीस काढायचं कलम 354 चाळीतल्या माणसालाही नंबरानं पाठ असतं. 'तीनशे चौपन्नची आली' म्हटलं, की समोरच्याचा चेहरा पडतो. तपासणीनंतर इमारतीला वर्ग मिळतो. सी-वन म्हणजे अतिधोकादायक : ताबडतोब रिकामी करा, पाडा. त्याखालच्या वर्गांना मोठी किंवा छोटी दुरुस्ती. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. मालकाचं ऑडिट म्हणतं पाडा, भाडेकरूंचं म्हणतं दुरुस्त करा. असं झालं की प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. हे वरचेवर होतं. शे-दीडशे रुपये भाड्यात मालक खिळा ठोकत नाही, आणि भाडेकरूला वाटतं, पाडण्यातच याचा फायदा.

म्हणून तर टेकूखाली झोपणारा माणूस तक्रार करत नाही. आपण त्याला आळशी म्हणतो. त्याला वाड्या-चाळींचा इतिहास माहीत आहे. शेजारचे तीन वर्षांसाठी म्हणून संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, गेले, तिथे त्यांची नातवंडं मोठी झाली. पिंपळाचा फोटो आपणच पाठवायचा आणि आपल्याच घराला टाळं लावून घ्यायचं? मीही त्याच्या जागी असतो तर फोन हातात घेऊन परत खिशात ठेवला असता.

याच 354 कलमात एक उपकलम आहे, पाचवं. इमारत रिकामी केली, पाडली, तरी मालक-भाडेकरूंचे आपसातले हक्क जात नाहीत. परत येण्याचा हक्कही शाबूत राहतो. नोटीस वाचून घाबरणारे शेकडो भेटतील. हे पाचवं उपकलम वाचलेला एखादा. घर सोडण्याआधी क्षेत्रफळाची नोंद, भाडेपावत्या, वीजबिलं, सगळं एका पिशवीत. गादी नंतर.

प्लॅस्टर पडायला लागलं असेल, भिंत फुगली असेल, तर मात्र मालक शोधत बसू नका. 1916 लावा. महापालिकेचा आपत्कालीन कक्ष आहे, रात्रीही. सांगताना फक्त 'इमारत धोकादायक आहे' एवढंच नको. कितवा मजला, कोणती बाजू, आत किती घरं, जिना शाबूत आहे का, गल्लीत बंब शिरेल का, हे सांगा.

(संध्याकाळ. पुन्हा तीच भिंत.)

पावसाळ्याआधी महापालिका आणि म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. मग अशा भिंतीवर आणखी एक मजकूर येतो, लाल अक्षरात : ही इमारत धोकादायक आहे, प्रवेश करू नये. या भिंतीवर तो अजून आलेला नाही.

दुसऱ्या मजल्यावर दिवा लागलाय. गॅलरीत कुणीतरी टेकूला दोरी बांधून कपडे वाळत घालतंय.