मुक्तिदिनाची हरवलेली दोन रेकॉर्डिंग: पायथनमध्ये फाइलचा पत्ता कसा हाताळायचा

[कॅमेऱ्यासमोर, हातात पेनड्राइव्ह]

नमस्कार मंडळी. फोंड्याहून बोलतेय.

हा पेनड्राइव्ह आमच्या गावच्या भजनी मंडळाचा. दर १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, देवळाच्या सभामंडपात भजनाचा कार्यक्रम होतो. २०१२ ते २०१८ अशा सात वर्षांची सात रेकॉर्डिंग ह्यात होती. आज पाच आहेत. दोन माझ्या हातून गेली, मी लिहिलेल्या सहा ओळींच्या पायथन प्रोग्रॅममुळे. प्रोग्रॅमने एकही एरर दिला नाही. हूं की चूं न करता काम संपवलं.

तेव्हा नेमकं काय झालं ते आज दाखवते. ते कळलं की पाथलिब, म्हणजे पायथनमधली फाइलींचे पत्ते हाताळणारी लायब्ररी, निम्मीअधिक कळते.

[स्क्रीनवर फाइलींची यादी: मुक्तिदिन १९.१२.२०१२, मुक्तिदिन १९.१२.२०१३, मुक्तिदिन १९.१२.२०१४ …]

नावं अशी होती. शेवटी डॉट एमपी३ नाही. कुणीतरी फोनवरून नावं बदलली, त्यात ते गळलं. त्यामुळे मंडळाच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडायला गेलं की ‘कशात उघडू?’ असं विचारायचं. मला म्हणाले, तू कॉम्प्युटरचं करतेस, एवढं करून दे. सातच फाइली, हातानेही झालं असतं. पण मागे सप्ताहाच्या आणि पालखीच्या शेकडो फाइली रांगेत होत्या, म्हणून प्रोग्रॅम लिहिला आणि आधी ह्या सातांवर चालवला.

पाथलिबमध्ये ‘विथ सफिक्स’ म्हणून एक मेथड आहे. फाइलचं शेपूट बदलून द्यायचं तिचं काम. मी म्हटलं, विथ सफिक्स, डॉट एमपी३. आता बघा, ती शेपूट कशाला म्हणते? नावातल्या शेवटच्या टिंबापासून पुढे जे काही असेल ते. डॉट टीएक्सटी असो, डॉट जेपीजी असो, नाहीतर…

[स्क्रीनवर ‘.२०१२’ लाल होतं]

…डॉट २०१२ असो. आपण तारीख टिंबं देऊन लिहितो. बँकेच्या स्लिपवर, लग्नपत्रिकेवर, पावतीवर, सगळीकडे. पाथलिबला ती तारीख आहे हे कळायला काही मार्ग नाही. तिने २०१२ काढलं आणि तिथे एमपी३ लावलं. उरलं ‘मुक्तिदिन १९.१२.एमपी३’. मग २०१३ ची फाइल आली, तिचंही तेच नाव झालं. २०१४ चीही तेच. सातही वर्षांना एकच नाव.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पुढची ओळ होती ‘रिनेम’.

इथे जरा थांबा, कारण हे फार जणांना ठाऊक नसतं. त्या नावाची फाइल आधीच तिथे असेल तर रिनेम काय करतं? विंडोजवर एरर देतं, ‘फाइल एग्झिस्ट्स एरर’, आणि हात मागे घेतं. लिनक्सवर आणि मॅकवर परवानगी असेल तर जुन्या फाइलवर नवी बसवतं आणि काही बोलत नाही. माझा लॅपटॉप लिनक्सचा. सहा वेळा एकावर एक फाइल बसली. शेवटी एकच उरली, आणि ती निघाली २०१५ ची. २०१८ ची का नाही? कारण फोल्डरमधल्या फाइली ‘ग्लॉब’ किंवा ‘इटर डिर’ वापरून घेतल्या तर त्या कुठल्या क्रमाने येतील ह्याची हमी नसते. क्रम हवा असेल तर ‘सॉर्टेड’मध्ये घालून घ्यावं लागतं.

मला हे त्या दिवशी कळलंच नाही. चार दिवसांनी पेटीवाले काका आले. म्हणाले, “बाय, चौदा सालची ती भैरवी लाव गो.” त्या वर्षी मंडळातल्या आबांनी शेवटची भैरवी म्हटली होती, पुढच्या मुक्तिदिनाला ते नव्हते. मी फोल्डर उघडलं, तर आत एकच फाइल.

काकांच्या जुन्या फोनवर चार वर्षांची प्रत निघाली: २०१२, २०१३, २०१७ आणि २०१८. २०१४ आणि २०१६ कुठेच नाहीत.

[लॅपटॉपकडे वळून]

बरं, हे कसं लिहायला हवं होतं? शेपूट बदलायचं नव्हतंच, जोडायचं होतं. म्हणून ‘विथ नेम’ घ्यायचं आणि त्यात जुनं नाव अधिक डॉट एमपी३ द्यायचं. नव्या पत्त्यावर आधी ‘एग्झिस्ट्स’ विचारायचं. तिथे कुणी असेल तर थांबायचं, छापायचं, पुढे जायचं नाही. आणि पहिल्या फेरीला रिनेमची ओळ बंद ठेवून फक्त ‘हे नाव होतं, हे होईल’ एवढंच प्रिंट करायचं. त्या दिवशी सात ओळी प्रिंट केल्या असत्या तर उजव्या बाजूला सात वेळा तेच नाव दिसलं असतं. एक नजर पुरली असती.

आता मूळ गोष्टीकडे येते. फाइलचा पाथ म्हणजे पत्ता, आणि पत्त्याला अवयव असतात. आपल्याकडे घराचा पत्ता कसा लिहितात? घर नंबर, वाडा, गाव, तालुका. ह्यातलं काहीही मध्येच तोडून चालत नाही. पायथनमध्ये मात्र खूप वर्षं पाथ म्हणजे नुसती स्ट्रिंग होती, अक्षरांची माळ. तिच्यावर काम करायला ‘ओएस डॉट पाथ’ होतं, अजूनही आहे, पण ते माळ घेतं आणि माळच परत देतं. आंत्वान पित्रू ह्यांनी पेप ४२८ मध्ये (पेप म्हणजे पायथनमधला बदल सुचवणारा मसुदा) वेगळा प्रस्ताव मांडला, की पाथ हा स्वतंत्र ऑब्जेक्ट असावा, त्याला आपले अवयव ठाऊक असावेत. २०१४ साली पायथन ३.४ बरोबर पाथलिब आली. सुरुवातीला एक मोठी अडचण होती. नेहमीचं ‘ओपन’ हा ऑब्जेक्ट घ्यायचं नाही, प्रत्येक वेळी स्ट्रिंग करून द्यावी लागायची. २०१६ च्या डिसेंबरात ३.६ आलं आणि ती कटकट मिटली.

अवयव कुठले? ‘पेरेंट’ म्हणजे फाइल ज्या फोल्डरात आहे ते. ‘नेम’ म्हणजे पूर्ण नाव. ‘स्टेम’ म्हणजे शेपटाशिवायचं नाव. ‘सफिक्स’ म्हणजे शेपूट, ज्याने माझा घात केला. आणि जोडायचं कसं? भागाकाराच्या चिन्हाने. भजन, तिरकी रेघ, २०१४, तिरकी रेघ, फाइलचं नाव. पहिला तुकडा पाथ ऑब्जेक्ट असला की तीच रेघ विंडोजवर विंडोजच्या पद्धतीने जोडते आणि लिनक्सवर लिनक्सच्या. मला ही रचना मनापासून आवडते. कोड वाचताना पत्ता पत्त्यासारखा दिसतो.

फक्त एक लक्षात ठेवा. उजवीकडचा तुकडा स्वतःच तिरक्या रेघेने सुरू होत असेल, तर डावीकडचं सगळं टाकून दिलं जातं (विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर तेवढं राहतं). तुम्ही कुणाला वाट सांगत असताना त्याने मध्येच दुसऱ्या घराचा संपूर्ण पत्ता हातात दिला, तर तुमची वाट संपली. तसंच.

[खुर्ची पुढे ओढत]

‘माझ्याकडे चालतं, दुसरीकडे चालत नाही’ ही तक्रार तुम्ही मला सगळ्यात जास्त पाठवता, आणि बहुतेक वेळा मूळ एकच असतं. समजा तुम्ही बसमधून उतरलात आणि विचारलंत, “देऊळवाडा कुठे?” सांगणारा आपल्या गावचा देऊळवाडा दाखवणार. गोव्यात गावोगाव देऊळवाडा आहे. तुम्ही उभे कुठे, त्यावर उत्तर ठरतं. रिलेटिव्ह पाथ असाच असतो. नुसतं ‘डेटा, रेघ, यादी’ लिहिलंत तर प्रोग्रॅम ज्या फोल्डरात उभा आहे तिथून शोधतो. आणि तो तुमच्या पायथन फाइलच्या फोल्डरातच उभा असेल असं अजिबात नाही. टर्मिनल जिथे उघडलात तिथे तो उभा. एडिटरमधून चालवलात तर बरेचदा एडिटरने जे फोल्डर उघडलं आहे तिथे. ‘पाथ डॉट सीडब्ल्यूडी’ प्रिंट करून बघा, कळेल.

उपाय एका ओळीचा आहे. पाथ, कंसात दोन अंडरस्कोर फाइल दोन अंडरस्कोर, मग डॉट रिझॉल्व्ह, मग डॉट पेरेंट. हा तुमच्या पायथन फाइलच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. प्रोग्रॅमच्या वर एकदा लिहा आणि बाकीचे सगळे पाथ तिथून जोडा.

आता विंडोजच्या पत्त्यांत दिसणारी उलटी रेघ, बॅकस्लॅश. ती आली कुठून? विंडोजच्या आधी मायक्रोसॉफ्टची डॉस ही सिस्टीम होती. तिच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, आणि सरळ स्लॅश कमांडचे पर्याय द्यायला वापरात होता. १९८३ मध्ये डॉस २.० मध्ये फोल्डर आले तेव्हा ते चिन्ह मोकळं नव्हतं, म्हणून उलटं घेतलं. युनिक्सने सरळ रेघ त्याच्या कितीतरी आधी घेतली होती. पायथनच्या स्ट्रिंगमध्ये मात्र बॅकस्लॅशला आधीपासून वेगळा अर्थ आहे, आणि आपल्या मंडळांच्या फोल्डरांची नावं इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत असली की तो बरोबर आडवा येतो. बघा हं. नाटक: बॅकस्लॅश आणि एन, झाली नवी ओळ. तबला: बॅकस्लॅश आणि टी, झाला टॅब. भजन: बॅकस्लॅश आणि बी, बॅकस्पेस. अभंग: बॅकस्लॅश आणि ए, म्हणजे घंटेचं चिन्ह. राग: आर, ओळीच्या सुरुवातीला परत. आणि गवळण? जीला असा काही अर्थ नाही, म्हणून गवळण चालते. पायथन ३.१२ पासून तिच्यासाठी वॉर्निंग दिसते, पण चालते. आता विचार करा, सहा फोल्डरांपैकी पाच सापडत नाहीत आणि एक सापडतं. नवा मुलगा दिवसभर डोकं धरून बसेल.

सरळ रेघ वापरा. विंडोजवरही पाथलिब ती नीट समजून घेते.

आणि फाइलींची नावं देवनागरीत असतील तर? ठेवा, जरूर ठेवा, मी ठेवते. पण दोन गोष्टी माहीत असू द्या.

पहिली लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर एका नावाला जास्तीत जास्त २५५ बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे आपलं अक्षर नव्हे. ‘श्री’ लिहायला श, हलन्त, र आणि दीर्घ ई अशी चार लागतात. १२ बाइट तिथेच गेले. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ चिन्हांची असते, बाइटांची नाही. त्यामुळे अभंगाचा पहिला चरण, गायकाचं नाव, रागाचं नाव असं लांबलचक नाव विंडोजवर राहतं आणि लिनक्सवर कॉपी करताना अडतं. नाव आटोपशीर ठेवा, बाकीची माहिती वेगळ्या यादीत लिहा. आणि ती यादी ‘रीड टेक्स्ट’ने वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं दरवेळी सांगा.

दुसरी गोष्ट खास आपल्या मराठीची.

[स्क्रीनवर एकाखाली एक तीन ओळी, तिन्ही ‘दुसऱ्या दिवसाची पालखी’]

ह्या तिन्ही ओळी डोळ्यांना सारख्या दिसतात. पायथनला विचारलं तर तिन्ही वेगळ्या. भानगड ‘दुसऱ्या’मधल्या त्या चंद्रकोरीसारख्या ऱ ची आहे. पहिल्या ओळीत नुक्तावाला ऱ हे एकच चिन्ह आहे. दुसऱ्या ओळीत साधा र आणि त्यापुढे सुटा नुक्ता. तिसऱ्या ओळीत साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. नाव टाईप करणाऱ्याने एक पद्धत वापरली, तुमच्या कीबोर्डने दुसरी, की फाइल समोर दिसत असूनही एग्झिस्ट्स ‘फॉल्स’ म्हणतं. आमच्या पालखीच्या फोल्डरात मला हे तीनही प्रकार सापडले.

पहिले दोन एक करायला पायथनचं ‘युनिकोड डेटा’ मॉड्यूल आहे. त्यातलं ‘नॉर्मलाइझ’ घ्या आणि एनएफसी हा प्रकार द्या. तिसरा त्याने सुटत नाही, कारण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, लेखी ती वेगळीच मांडणी आहे. तिथे आपणच रिप्लेस करायचं: र, हलन्त आणि जोडचिन्ह काढून ऱ आणि हलन्त. दोन ओळींचं फंक्शन होतं. तुलना करायच्या आधी दोन्ही बाजूंची नावं त्यातून काढायची.

[स्क्रीनवर नवा प्रोग्रॅम]

हा माझा आजचा प्रोग्रॅम. रिनेमची ओळ अजून बंद आहे. चालवते… पाच ओळी आल्या. डावीकडे जुनी नावं, उजवीकडे नवी, पाचही वेगळी, वर्ष जागच्या जागी. आता पेनड्राइव्हची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आहे का ते बघते. घेतली आहे. मग ओळ चालू करते.

झालं.

आणि मंडळी, फोंडा तालुक्यात कुणी १९ डिसेंबर २०१४ किंवा २०१६ ला आमच्या सभामंडपात बसून फोनवर काही रेकॉर्ड केलं असेल, अर्धवट असलं तरी, तर मला कळवा. फाइलचं नाव कसंही असू दे, बदलू नका. आहे तशी पाठवा.