कॅम्पोबेलो: वस्ती कॅनडात, रस्ता अमेरिकेतून

[दृश्य: आकाशातून बेट; दक्षिण टोकाला पूल]

न्यू ब्रन्सविक प्रांताचा अगदी नैर्ऋत्य कोपरा. फंडीच्या उपसागराच्या तोंडाशी हे कॅम्पोबेलो बेट. लांबी साधारण १४ किलोमीटर, रुंदी फार तर ५. या प्रांतात जमिनीच्या नोंदींसाठी आखलेल्या विभागांना पॅरिश म्हणतात. शार्लट काउंटीतल्या पॅरिशांपैकी हा एक. २०२१ च्या जनगणनेत इथे ९४९ माणसं होती.

हा पूल १९६२ साली झाला. नाव अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं, कारण त्यांचे उन्हाळे या बेटावर गेले आणि १९२१ च्या ऑगस्टमध्ये ते आजारी पडले तेही इथल्याच घरी. चौतीस खोल्यांचं ते लाल घर पाहायला पर्यटक येतात. ते बघू देत. आपण पूल बघू.

कॅनडाच्या या बेटावरचा एकमेव पूल उतरतो अमेरिकेत, मेन राज्यातल्या ल्युबेक गावात. आपल्याच प्रांताच्या मुख्य भूमीवर जायचं, तर आधी अमेरिकेच्या तपासणी नाक्यावर कागद दाखवायचे, तासाभराहून थोडी जास्त गाडी हाकायची आणि सेंट स्टीफनला पुन्हा कॅनडात शिरायचं. घड्याळाचीही गंमत आहे: पूल ओलांडला की वेळ तासभर मागे. उन्हाळ्यात डियर आयलंडची फेरी असते, तिथून दुसरी बोट. थंडीत मात्र पुलाशिवाय पर्याय नाही.

[दृश्य: हेड हार्बर, ओहोटी]

उत्तर टोकाला १८२९ सालचं लाकडी दीपगृह. पांढऱ्या भिंतीवर मोठा लाल क्रॉस. तिथं पायी जाता येतं, पण फक्त ओहोटीला. लोखंडी शिडीवरून खाली उतरायचं, शेवाळानं बुळबुळीत झालेल्या दगडांवरून तोल सावरत पुढं सरकायचं, पुन्हा शिडी चढायची. इथली भरती सहा मीटरच्या आसपास चढते, आणि चढते तीही भराभर. वेळ चुकली तर पाणी उतरेपर्यंत तिथंच बसून राहायचं.

याच पाण्यावर वेल्शपूल आणि विल्सन्स बीच ही गावं जगली. पूर्वी समुद्रात खांब रोवून, जाळी बांधून हेरिंग अडवत. आता शेवंडांची मासेमारी आणि सामनची शेती.

[दृश्य: मार्च २०२०, सीमेवरचा नाका]

कोरोनात अनावश्यक प्रवासाला सीमा बंद झाली, तेव्हा एरवी अंगवळणी पडलेला हा वळसा सगळ्यांना टोचू लागला. वर्षभर फेरी द्या ही मागणी मात्र त्याआधीची. एवढ्याशा वस्तीसाठी बारमाही बोट परवडेल का, असं कुणी विचारलं, तर आम्ही उलट विचारू: बोट नसताना वस्ती वाढणार कशी? तरीही ती वाढली आहे. २०१६ साली इथे ८७२ माणसं होती.