देवा, बघ रे

श्रोतेहो, नमस्कार.

मिरजेच्या दवाखान्यात व्हरांड्यावर ज्यांनी रात्र काढलीय, त्यांना माझं बोलणं लगेच कळेल. जत, आटपाडी, पार विजापूर-बेळगावहून माणसं इथं उपचाराला येतात. मध्यरात्र उलटली की बोलणी थांबतात. कुणी चादर अंथरून पडलेलं, कुणी भिंतीला टेकून नुसतेच ओठ हलवत असलेलं.

काही वर्षांपूर्वी मी तिथं बसलो होतो. वडील आत, आयसीयूत. लहानपणी आजी तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणून घ्यायची. त्या रात्री ती चार ओळींपुढं सरकेना. फार शरम वाटली. इतकी वर्षं देवळाची पायरी चढलो नाही आणि आज अडल्यावर हात जोडतोय! शेजारी जतकडच्या एक म्हाताऱ्या बाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा नातू आत होता. त्यांना म्हटलं, "मावशी, मला काही म्हणताच येईना." त्या म्हणाल्या, "म्हणायचं काय त्यात? हाक मार की. लेकरू पडल्यावर आईला श्लोक म्हणतंय व्हय?"

मग म्हटलं, "देवा, बघ रे." एवढंच.

आपण सासऱ्यांना अहो म्हणतो, साहेबांना अहो म्हणतो. देवाला मात्र अरे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली, मुलगा गेला. त्यांनी विठोबाशी भांडण केलं, पण बोलणं तोडलं नाही. राग आला असेल तर तोही त्याच्यापुढं ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. 1937 च्या ऑक्टोबरात दक्षिणेत रेल्वेच्या प्रवासात त्यांना बरं वाटेनासं झालं. एका लहान स्टेशनावर ते उतरले, नमाज पढले, दरबारी कानडा रागात प्रार्थना गायली आणि तिथंच शांत झाले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तिथून जाताना माझी पावलं आपोआप हळू होतात.

एक मात्र कळकळीनं सांगतो. अशा दिवसांत कुणी येऊन "करणी झालीय, इतके पैसे काढा" म्हणालं, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. 2013 पासून राज्यात त्याविरुद्ध कायदा आहे. देवाला हाक मारायला मध्ये दलाल लागत नाही. आणि डॉक्टरांची गोळी वेळेवर द्यायचीच.

वडील पाचव्या दिवशी गेले. पण त्याआधीचे दोन दिवस मी त्यांच्या उशाशी हात धरून बसू शकलो. पहिल्या रात्री तर आत जायचंही धाडस होत नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा त्या मावशी तिथंच होत्या. काही न बोलता त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. घरच्यांना गाडी घेऊन यायला वेळ होता. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि त्यांच्या नातवासाठी हाक मारली.