कुरकुर करायला हक्काचं माणूस

नमस्कार. मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि गेली नऊ वर्षं घरी ह्यांचा पार्किन्सन्स सांभाळते आहे. तेव्हा जे बोलेन ते घरातलंच असेल. आणि बोलायचं आहे ते एका मैत्रिणीबद्दल.

आजाराची पहिली वर्दी आम्हाला चेकनं दिली. सही जुळत नाही म्हणून बँकेनं चेक परत पाठवला. हे भडकले. मग मी कपाट उघडून जुने कागद काढले, विम्याचे, मुदतठेवींचे, आणि सगळ्या सह्या ओळीनं मांडल्या. दर दोन-तीन वर्षांनी सही बारीक होत गेलेली. शेवटची तर मुंगी चालत गेल्यासारखी. ह्या आजारात अक्षर असं आक्रसतं, हे तेव्हा आम्हाला काय माहीत! हात थरथरला की पार्किन्सन्स, एवढंच ऐकलेलं. ह्यांचा हात आजही फारसा थरथरत नाही. पाय अडतात, आवाज खोल जातो, चेहरा हलत नाही. मुलगी सुट्टीला आली की पहिल्या दिवशी हमखास विचारते, बाबा रागावलेत का?

सहा वर्षांपूर्वी फोनमधून एक ओळख झाली. अकोल्याच्या ताई. त्यांच्या यजमानांचंही हेच दुखणं, आमच्यापेक्षा चार वर्षं पुढं गेलेलं. मी सांगलीत, त्या अकोल्यात, आणि दोघींनाही घर सोडून जायची सोय नव्हती. म्हणजे सहा वर्षांत एकदाही भेट नाही. ‘न भेटता कसली मैत्री?’ असं नणंद विचारते. तिला मी एक गोष्ट सांगते. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ज्या निबंधात हा आजार मांडला, त्यात सहा माणसांच्या हकिकती आहेत. त्यातले दोघे त्यांना रस्त्यात सहज भेटलेले, आणि एकाला तर त्यांनी नुसतं लांबूनच पाहिलं होतं. तरी दोनशे वर्षं त्यांचं नाव टिकलं. नीट बघणारं माणूस असलं की लांबूनही बरंच दिसतं.

ताईंनी पहिल्या आठवड्यात मला एकच प्रश्न विचारला होता. ‘सकाळची गोळी कशासोबत देता?’ म्हटलं, कपभर दुधासोबत, पोटाला बरं म्हणून. त्या म्हणाल्या, ‘मी काही सांगत नाही, पण डॉक्टरांना एवढं विचारून घ्या.’ विचारलं. लेव्होडोपाची, म्हणजे ह्या आजारावरच्या मुख्य औषधाची, गोळी आणि दूध-डाळीतली प्रथिनं शरीरात एकाच दारातून आत जातात. गर्दी झाली की गोळी मागं राहते. आता गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. दहा वाजता लाकडासारखे बसून राहणारे हे साडेनऊलाच पेपर उघडायला लागले.

आता ह्याउलट नातेवाईक बघा. भाच्यानं खाजकुयलीच्या चूर्णाचा मेसेज पाठवला. नैसर्गिक आहे, अपाय नाही, दहा जणांना पाठवा. गंमत अशी की खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. म्हणूनच तर भीती! गोळ्या चालू असताना वरून ते चूर्ण घेतलं तर पोटात औषध एकूण किती गेलं, हे कुणाला सांगता येणार? भाचा प्रेमानंच पाठवतो हो. पण तो सांगतो, आणि ताई विचारतात. फरक एवढाच.

पाय अडण्याचं सांगते. मोकळ्या हॉलमध्ये नीट चालणारा माणूस बाथरूमच्या दारात येऊन खिळतो. तळवे जमिनीला डिंकानं चिकटावेत तसे. मागून ‘चला, चला’ म्हटलं की आणखीच घट्ट. एका रात्री मी तशीच उभी राहून ताईंना व्हॉइस मेसेज केला. उत्तर लगेच आलं, त्याही जाग्याच होत्या. ‘ढकलू नका. खाली आडवी रेघ दाखवा, ओलांडा म्हणा. नाही तर ताल धरा.’ दुसऱ्या दिवशी फरशीवर पावलापावलाच्या अंतरानं लाल चिकटपट्ट्या लावल्या. आणि ताल? ह्यांनी दोन वाऱ्या केलेल्या. मी टाळ्या वाजवत ‘ज्ञानबा-तुकाराम’ सुरू केलं, ‘ज्ञानबा’ला डावा, ‘तुकाराम’ला उजवा. आमची वारी बेडरूमपासून बाथरूमपर्यंत जाते. शेजारच्यांना वाटतं, उतारवयात भक्ती वाढली.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द मला आवडतात. पण पहाटे तीनला ओली चादर ओढून काढताना मनात जे येतं, त्याला शुभ म्हणवत नाही. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायची झारिट यांची २२ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. गणिताची बाई म्हणून मी ती इमानेइतबारे सोडवली. त्यात एक प्रश्न आहे, ह्या माणसाजवळ असताना तुम्हाला राग येतो का? मी खोटं उत्तर लिहिलं. मुलीला, बहिणीला खरं सांगता येत नाही, कारण त्यांना लगेच वाईट वाटतं, मग त्यांनाच सावरावं लागतं. ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मी तर एकदा ताट आपटलं होतं, बापा. स्टीलचं होतं म्हणून वाचलं.’ मी घरात आहे हे विसरून हसले.

दोन वर्षांपूर्वी अंघोळ करताना मला डाव्या स्तनात गाठ लागली. कुणाला बोलले नाही. मी दवाखान्यात गेले तर दुपारची गोळी कोण देणार, हा हिशेब आधी, गाठ नंतर. अठरा दिवस गेले. एका संध्याकाळी ताईंचा मेसेज : ‘चार दिवस झाले, तुम्ही नुसतं हो, बरं, ठीक लिहून राहिल्या. काय लपवता?’ बघा, रोज समोर असणाऱ्यांना कळलं नव्हतं. सांगितल्यावर त्या चिडल्या. ‘काहून नाही गेल्या?’ धीर दिला नाही, काही होणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, शेजारणीला आत्ता जाऊन विचारा, मी फोन चालू ठेवते. फोन पदराखाली धरून मी शेजारी गेले आणि चार तासांची मदत मागितली. सात वर्षांत पहिल्यांदा! शेजारीण म्हणाली, एवढंच ना?

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, दुखतं, पण क्षणभरच. मग सोनोग्राफी. पाण्याची गाठ निघाली.

मागच्या वर्षी ताईंचे यजमान गेले. मग आमच्यात एक विचित्र अवघडलेपण आलं. मी काय बोलणार? माझी तक्रार ज्याच्याबद्दल, तो माणूस माझ्यासमोर जिवंत बसलेला. मी सकाळ-संध्याकाळ ‘काळजी घ्या’ लिहायला लागले. दोन महिने त्यांनी ते चालवून घेतलं, मग फोन केला. ‘माझ्यासमोर तोंड शिवून बसू नका. पहिल्यासारखी कुरकुर करा. तेवढं तरी माझं राहू द्या.’

मग मी केली. वीस मिनिटं, डायपरच्या किमतीवरून. आठवड्यानं कुरिअर आलं. त्यांच्याकडं उरलेली दोन पाकिटं होती, फोडलेलं एक, न फोडलेलं एक. माप मोठं, ह्यांना सैल होतं. बाजूनं दुमडून चालवतो.

खोक्यावर आमचा पत्ता होता, निळ्या शाईत, ऐसपैस. सहा वर्षांत ताईंचं अक्षर मी पहिल्यांदा बघत होते. ह्यांनी खोकं मांडीवर ओढून घेतलं, पत्त्यावरून बोट फिरवलं आणि त्या खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, ‘बाईंचं अक्षर मोठं आहे.’