बारीक माणसाची शुगर अन् बहात्तरचा दुष्काळ

नमस्कार मंडळी. माईक जरा खरखर करायलाय, मागं ऐकू येतंय ना? बरं. मला विषय दिलाय हृदयविकार आणि मधुमेहावरचं संशोधन, पण मी एका पेशंटपासून सुरू करतो, कारण तो इथं बसलेल्या अर्ध्या लोकांसारखाच दिसतो.

मागच्या उन्हाळ्यात ओपीडीत आला. शेतकरी, पन्नाशी ओलांडलेला, उंची पाच फूट पाच, वजन ६२ किलो. पायाची जखम भरंना म्हणून आलेला. उपाशीपोटी शुगर केली तर १६८. तर मलाच म्हणतो, "डॉक्टर, मशीन बिघडलंय तुमचं. शुगर जाड माणसाला असती, मी तर चिपाड आहे." म्हणलं शर्ट वर करा. हातपाय खरंच चिपाड, पण पोट पुढं, अन् टेप लावली तर ९२ सेंटिमीटर. आपल्याकडं पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही हद्द धरतात.

ह्याच गोष्टीवर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षं काम केलंय. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी जर्नलमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सेम, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! वजनकाट्यावर विश्वास ठेवायचा का नाही, तुम्हीच सांगा.

आता हे येतं कुठून, तर आईच्या पोटातून. याज्ञिकांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची लेकरं बघितली. तिथलं बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं ३.५ किलोचं. पण आपल्या बाळात कमी काय होतं, तर मांस. चरबी त्या मानानं टिकून होती. पोटात असताना खायला कमी पडलं की बाळ आधी मेंदू सांभाळतं आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, आणि साखर जाळायचं काम तर स्नायूचंच, इन्सुलिन करायचं काम स्वादुपिंडाचं, मग पुढं मोटारसायकल आली, दिवसात सहा कप गोड चहा आला की एवढा भार त्या गड्याला पेलवत नाही. साखर वाढली की पाठोपाठ बीपी, आणि मग हृदयाच्या नळ्या.

त्या पेशंटला मी सहज विचारलं, जन्म कधीचा. म्हणला, "बहात्तरच्या दुष्काळातला, माय पोटुशी असताना खडी फोडत होती." इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको, सुकडी अन् ती लाल मिलो ज्वारी खाऊन काढलेले दिवस. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं होतं, तेव्हा पोटात असलेली लेकरं पन्नाशीत तपासली तर त्यांच्या शरीराला साखर नीट पेलवत नव्हती. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, मला कळतं. पण तेव्हापासून मी प्रत्येक बारीक पन्नाशीवाल्याला जन्मसाल विचारतो, सवयच लागली.

अजून एक, जरा कडू आहे. त्याच पुण्याच्या अभ्यासात तीनात दोन गरोदर बायकांच्या अंगात बी-१२ कमी निघालं. हे व्हिटॅमिन मटण, मासे, अंडी आणि दूध-दह्यात असतं, भाजीत नाही. आणि आईला बी-१२ कमी पण फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडवालं व्हिटॅमिन, जास्त असलं, तर सहा वर्षांच्या लेकरात इन्सुलिन नीट काम करत नव्हतं, असं दिसलं. माळकरी घरं आपल्याकडं भरपूर, माळेबद्दल माझी काही तक्रार नाही, पण मी बघतो काय, दावणीला दोन म्हशी, सगळं दूध डेअरीला आणि सुनबाईच्या हातात काळा चहा. तिला रोज एक पेला दूध, वाटीभर दही द्या, आणि बी-१२ ची तपासणी करून गोळी लागते का ते डॉक्टरला विचारा. लोह-फोलेटची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, हां.

कंबर मोजायची ती पँटच्या पट्ट्यावर नाही. खालची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. बाहेर टेबलावर टेप ठेवलीय, बायांचं सिस्टर बघतील, आत वेगळी खोली केलीय. जाड लोकं आपोआप येतातच, आज बारीक लोकांनी आधी या.