यादीत नाव नसलेली माणसं

नमस्कार मंडळी, आज जरा सरकारी मदतीबद्दल बोलूया, म्हणजे कोविडमध्ये जगभरातल्या सरकारांनी जे पैसे आणि धान्य वाटलं त्याबद्दल. त्याआधी आपण वर्षानुवर्षं काय ऐकत होतो? तिजोरीत खडखडाट आहे, फुकट दिलं की लोक आळशी होतात वगैरे. आणि 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये बघता बघता पैसे निघाले, नियम सैल झाले, जे जमणारच नाही म्हणत होते ते जमलं. मग अडत कुठे होतं? माझ्या मते घोडं अडलं ते यादीपाशी.

हातावर पोट असलेल्या माणसाकडे ना पगाराची स्लिप, ना पीएफ, सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये तो जवळजवळ नसतोच. लॉकडाऊन लागला की पहिलं काम त्याचं जातं आणि मदत कोणाला द्यायची म्हणून याद्या उघडल्या की नेमका तोच त्यात सापडत नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या छोट्याशा देशाने यावर भारी डोकं चालवलं. 8 एप्रिल 2020 ला त्यांनी नोव्हिसी नावाची योजना काढली, साध्या बटणाच्या फोनवरून एक कोड डायल करायचा, मतदार ओळखपत्राचा नंबर टाकायचा, पात्र असाल तर पैसे थेट मोबाईलवर. कारण नुकतीच मतदार यादी अपडेट झाली होती आणि तिच्यात व्यवसायही नोंदलेला होता! राजधानी लोमेमध्ये पुरुषांना महिन्याला 10,500 फ्रँक (तिथलं चलन) आणि बायकांना 12,250, हो, बायकांना जास्त, घर त्याच चालवतात म्हणून. अर्थात ज्याच्याकडे ओळखपत्र किंवा सिम नाही तो इथेही बाहेरच राहिला.

श्रीमंत देशांतही फार वेगळं नाही बरं का. ब्रिटनने युनिव्हर्सल क्रेडिटवाल्यांना (म्हणजे कमी कमाईवाल्यांसाठीच्या नव्या, एकत्रित सरकारी भत्त्यावर असलेल्यांना) आठवड्याला 20 पौंड वाढवून दिले पण जुन्या भत्त्यांवर असलेल्यांना, ज्यांत कितीतरी अपंग आणि आजारी माणसं होती, ते मिळालेच नाहीत, आणि 2021 च्या ऑक्टोबरमध्ये बाकीच्यांचेही गेले. अमेरिकेने 2021 मध्ये मुलांमागे पैसे वाढवले, शेवटचे सहा महिने दर महिन्याला दिले, आईबापांची कमाई शून्य असली तरी. त्यांच्याच जनगणना खात्याच्या पूरक मोजणीत, म्हणजे सरकारी मदतही उत्पन्नात धरणाऱ्या मोजणीत, त्या वर्षी मुलांमधली गरिबी 5.2 टक्क्यांवर आली, योजना संपली आणि पुढच्याच वर्षी ती 12.4 टक्के झाली. एवढा स्पष्ट निकाल कुठल्या सरकारी योजनेला मिळतो हो? तरी ती बंदच केली, कारण ती 'तात्पुरती' होती.

आपल्याकडे एप्रिल 2020 पासून माणशी 5 किलो जादा धान्य फुकट मिळायला लागलं, 80 कोटी लोकांना, आणि यात नावं ठेवण्यासारखं काही नाही, त्यातून कितीतरी चुली पेटत्या राहिल्या. पण रेशनकार्ड गावाला आणि माणूस शहरात बांधकामावर, अशांचं काय? कार्ड कुठेही चालावं ही योजना होती, पण 2021 च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावं लागलं की 31 जुलैपर्यंत ती लागू कराच. आणि चालू झाली तरी दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटायला हवा ना, विटा उचलून, सिमेंट कालवून ज्याच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्यात त्याने मशीनवर अंगठा दाबत, पुसत, परत दाबत उभं राहायचं, मागे रांग खोळंबलेली.

आणि मुळात किती लोकांना धान्य द्यायचं हा राज्यांचा कोटा ठरलाय 2011 च्या जनगणनेवरून. 2021 ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली ती गेलीच, आता लोकांची मोजणी 2027 मध्ये आहे. म्हणजे 2011 मध्ये जन्मलेली पोरं दहावीची परीक्षा देऊन मोकळी होतील आणि धान्याचा हिशेब मात्र त्यांच्या बारशाच्या वर्षीचाच असेल.