अंगणात गोल्डनरॉड लावायचं की ओक?

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर संपत आला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत कढीपत्त्याच्या आणि तुळशीच्या कुंड्या आत आणायची घाई सुरू होते. पहिलं हिव पडायच्या आत त्या उन्हाच्या खिडकीशी लागल्या पाहिजेत. या कुंड्यांना आपण जिवापाड जपतो, जपायलाच हवं. घरामागच्या जमिनीकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही. तिथे घर घेतलं तेव्हाचं लॉन असतं, कडेला बाहेरदेशची दोन-चार झुडपं असतात, आणि वर्षानुवर्षं तेच चालू राहतं. आज मला त्या जमिनीबद्दल बोलायचं आहे. इथल्या मातीतलं, इथलंच काही लावावं असं मनात आलं, तर दोन नावं हमखास पुढे येतात. एक रानफूल, गोल्डनरॉड. दुसरा वृक्ष, ओक. जागा बेताची, तेव्हा आधी काय लावायचं?

गोल्डनरॉड तुम्ही पाहिलेलं आहे, नाव माहीत नसेल इतकंच. या दिवसांत हायवेच्या कडेला, पडीक शेतांत, रेल्वेरुळांच्या बाजूला जो गडद पिवळा रंग पसरलेला दिसतो, तो त्याचा. भाद्रपदात कासच्या पठारावर किंवा सिंहगडाच्या उतारावर सोनकी फुललेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा रंग लगेच ओळखीचा वाटेल. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली.

या फुलावर एक खोटा आळ आहे, तो आधी दूर करते. सप्टेंबरमध्ये शिंका सुरू होतात, डोळे चुरचुरतात, आणि समोर पिवळं गोल्डनरॉड दिसतं, म्हणून लोक त्यालाच दोष देतात. खरा त्रास देणारी वनस्पती म्हणजे रॅगवीड. ती याच सुमाराला फुलते, पण तिची फुलं हिरवट आणि बारीक असल्यामुळे नजरेत भरत नाहीत. तिचे परागकण हलके असतात आणि वाऱ्यावर मैलोगणती जातात. गोल्डनरॉडचे परागकण जड आणि चिकट असतात, ते मधमाश्यांच्या-फुलपाखरांच्या पायांना चिकटूनच पुढे सरकतात. अॅलर्जीच्या भीतीने ज्यांनी हे फूल उपटून टाकलं असेल, त्यांनी ते निर्धास्तपणे परत लावावं.

त्याची वेळ फार मोलाची आहे. बाकीची बरीचशी फुलं संपलेली असतात तेव्हा हे फुलतं. बम्बलबी या गुबगुबीत, केसाळ माशीच्या नव्या राण्यांना थंडीआधी पोटभर खाऊन घ्यायचं असतं, ते इथे मिळतं. मोनार्क फुलपाखरं याच दिवसांत मेक्सिकोच्या डोंगरांकडे निघालेली असतात. आपल्या राज्याच्या दक्षिण टोकाला, केप मे इथे, ती शेकड्यांनी जमतात आणि समुद्रकाठच्या गोल्डनरॉडवर बसून मध पितात. इतक्या लांबच्या प्रवासाचं इंधन त्यांना अशाच फुलांतून मिळतं.

आणि हिवाळ्यात वाळलेल्या दांड्या कापून टाकू नका. एखाद्या दांडीवर मधेच सुपारीपेक्षा जरा मोठी, गोल गाठ दिसेल. त्या गाठीत एका लहानशा माशीची अळी थंडी काढत असते. तिच्या अंगात गोठणं रोखणारं ग्लिसरॉल तयार होतं, म्हणून कडाक्याच्या थंडीतही ती मरत नाही. काही गाठींना एक छोटं भोक पडलेलं असतं. भोक चोचीने उकरल्यासारखं असेल, तर समजा, चिकडी हा चिमुकला पक्षी किंवा डाउनी सुतार पक्षी येऊन अळी खाऊन गेला. एका वाळक्या काडीत थंडीतली एका पक्ष्याची न्याहारी असते. ती काडी आपण नोव्हेंबरमध्ये कापून कागदी पिशवीत भरतो आणि रस्त्याच्या कडेला ठेवतो, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

आता ओक. रेड ओक हा न्यू जर्सीचा राज्यवृक्ष आहे. बास्किंग रिजच्या चर्चच्या आवारात एक व्हाइट ओक होता, सुमारे ६०० वर्षांचा. तो वाळला म्हणून २०१७ मध्ये उतरवावा लागला. त्याच्याच बीपासून वाढवलेलं रोप त्या आवारात लावलेलं आहे.

पण ओकचं मोठेपण वयात आणि घेरात आहे असं समजू नका, ते त्याच्या पानांत आहे. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी यांनी कोणत्या झाडावर किती जातींच्या फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अळ्या वाढतात, याची मोजदाद केली. अमेरिकेच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात ओकवर ५०० हून अधिक जातींच्या अळ्या पोसल्या जातात. रानफुलांमध्ये गोल्डनरॉडचा नंबर फार वरचा, आणि त्याच्यावर शंभराहून अधिक जाती. म्हणजे फुलांमध्ये ते अव्वल असूनही ओकच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच जातं.

अळ्या म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण चिकडीची पिल्लं घरट्यात असतात तेव्हा आईबाप त्यांना दाणे भरवत नाहीत, अळ्याच भरवतात. एक वीण उडायला तयार होईपर्यंत सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. बर्ड फीडरमध्ये आपण कितीही सूर्यफुलाच्या बिया भरल्या, तरी मे महिन्यातली ती भूक त्यांनी भागत नाही. ती भागवतो ओक. आणि इतक्या अळ्या असूनही झाड बोडकं होत नाही, कारण पक्षी त्या वेचून नेतात. स्पाँजी मॉथसारख्या बाहेरून आलेल्या पतंगाची टोळधाड आली तर गोष्ट वेगळी.

दोन्हींची वेळही वेगळी आहे. ओकचं मोठं काम वसंतात, गोल्डनरॉडचं शरदात. एक अळ्यांना पान देतो, दुसरं मोठ्या झालेल्या कीटकांना मध आणि पराग देतं. अंगणात दोन्ही असली तर एप्रिल ते ऑक्टोबर कोणी उपाशी राहत नाही.

तरी कोणी विचारलंच, ‘ताई, एकच लावायचं असेल तर?’, तर माझं उत्तर ठाम आहे. जागा असेल तर आधी ओक. लोक मला सांगतात, ‘अहो, तो मोठा कधी व्हायचा? आम्ही तोवर हे घर विकून गेलेले असू.’ हे म्हणणं मला पटत नाही. फळं धरायला ओकला वीसेक वर्षं लागतात, हे खरं. पण पानं पहिल्या वसंतातच येतात, आणि गुडघ्याएवढ्या रोपाच्या पानांवरसुद्धा अळ्या येतात. पानाच्या खालच्या बाजूला बघा, कडेने कुरतडलेलं पान दिसेल, काडीसारखी ताठ उभी राहिलेली एखादी अळी दिसेल. झाड लहान असतानाच कामाला लागलेलं असतं. तुम्ही घर विकलंत तरी ते काम चालूच राहणार.

टाउनहाउसमध्ये राहणाऱ्यांनी किंवा भाड्याच्या घरात असणाऱ्यांनी मात्र मन खट्टू करून घेऊ नये. दोन हात जागेत गोल्डनरॉड लावा. तेवढ्यात ओक कोंबू नका, नाहीतर पुढे कोणीतरी त्याला करवत लावेल.

गोल्डनरॉडमध्येही निवड करायला हवी. कॅनडा गोल्डनरॉड नावाची जात जमिनीखालून धाव घेते आणि बघता बघता सगळा वाफा ताब्यात घेते. मोकळ्या माळाला ती ठीक, लहान बागेत नको. बागेसाठी शोई गोल्डनरॉड घ्या, ती एका जागी ठोंब धरून राहते. सावली असेल तर रीद गोल्डनरॉड, जिला ब्लूस्टेम असंही म्हणतात. ती मुळात रानातल्या झाडांखालीच वाढणारी, म्हणून ओकच्या पायथ्याशी तिला अगदी घरच्यासारखं वाटतं.

ओकमध्ये माझी पसंती व्हाइट ओकला. आपल्या भागात रेड ओकच्या गटातल्या झाडांना बॅक्टेरियल लीफ स्कॉर्च हा रोग जास्त लागतो, आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. पानावरून ओळख सोपी आहे. व्हाइट ओकच्या पानाचे कोपरे गोलसर असतात, रेड ओकच्या कोपऱ्यांना बारीक टोकं असतात.

मोठं झाड विकत आणायची गरज नाही. ओकचं सोटमूळ खोल जातं, कुंडीत ते गुंडाळलं जातं, म्हणून लहान रोप लवकर रुजतं. त्याहून चांगलं म्हणजे एकॉर्न, ओकचं ते टोपीवालं फळ, वेचून आणायचं. घरी आणून टोपी काढा आणि पाण्यात टाका. तरंगेल ते किडकं, बुडेल ते चांगलं. व्हाइट ओकचं एकॉर्न पडल्यावर लगेच, याच पानगळीत मूळ सोडतं, म्हणून ते साठवत बसू नका. रेड ओकच्या एकॉर्नला मात्र आधी थंडी लागते, ते वसंतात रुजतं. इंचभर खोल, आडवं पुरा. वरून तारेची जाळी घाला आणि कडा जमिनीत दाबून टाका, नाहीतर खार त्याच दुपारी उकरून नेईल. रोप वर आलं की हरणांसाठी पाच फूट उंचीचं तारेचं कुंपण घाला. हे टाळलंत तर मेहनत फुकट जाईल, आपल्याकडची हरणं कोवळा ओक सोडत नाहीत.

घरापासून, विजेच्या तारांपासून बरीच लांब जागा धरा. आणि रोपासाठी खड्डा खणण्याआधी ८११ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, जमिनीखाली गॅसच्या किंवा विजेच्या लाइन कुठून गेल्या आहेत ते खुणा करून देतात. त्यासाठी निदान तीन पूर्ण कामाचे दिवस हाताशी ठेवा.

आणखी एक विनंती. ओकच्या बऱ्याच अळ्या पूर्ण वाढल्या की झाडावरून खाली उतरतात आणि पाचोळ्यात किंवा मऊ मातीत कोश करतात. बुंध्यापर्यंत लॉन असेल, लीफ ब्लोअरने सगळा पाचोळा उडवून लावला असेल, तर त्यांना आसराच उरत नाही. बुंध्याभोवतीचं गवत काढून टाका, तिथे पाचोळा राहू द्या, आणि त्याच जागी रीद गोल्डनरॉडची रोपं लावा. अंतर एक-दीड फूट पुरे. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. दुसऱ्या वर्षापासून गोल्डनरॉडला त्याचीही गरज पडत नाही. ओकच्या रोपाला मात्र तीन उन्हाळे पाणी चालू ठेवा.

नमस्कार.